परतीच्या नागाला अडवू नये

मित्रांनो, घाबरू नका, मी अंगावर येणार नाही. मी शिराळ्याजवळच्या एका बांधातला म्हातारा नाग आहे. माझी कात आता एका दमात निघत नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघते. बेडूकसुद्धा मला बघून सावकाश पाण्यात शिरतात, एवढी माझी पत उरली आहे. म्हातारपणी माणसं देवदेव करतात. मला ते जमत नाही, कारण वर्षातून एक दिवस मीच देव असतो. आणि देव होऊन बसलं की माणसं फार जवळून दिसतात. त्यातलं एक दर्शन असं होतं की त्याची शिसारी अजून माझ्या अंगावरून गेलेली नाही. तेच सांगायला आज वारुळाबाहेर आलो आहे.

आधी दोन खुलासे. तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की नागाला कान नसतात. खरं आहे. पण मातीच्या मडक्यात अंग टेकून बसलं की बाहेरचं सगळं अंगाला कळतं. पाऊल कळतं, खोकला कळतो, खरं बोलणं कळतं आणि खोटंही कळतं. भाषणं तर नको तितकी कळतात. दुसरं म्हणजे, आम्ही दूध पीत नाही. ते कृपा करून घरच्या पोरांना पाजा.

माझा जन्म करंजाच्या झाडाखालच्या वारुळात झाला. बांध बनुबाईचा. तिचा नवरा लवकर गेला होता आणि एकुलता एक लेक होता, ज्ञानू. त्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी त्यानं मला पहिल्यांदा धरलं. आमच्या शिराळ्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पंचमीच्या आधी देवीचा कौल घेऊन माणसं रानात शिरतात, जिवंत नाग धरतात, मडक्यात ठेवतात, सणाच्या दिवशी पुजतात आणि मिरवतात. आमचा दात काढत नाहीत की तोंड शिवत नाहीत.

त्या रीतीचं एक कलम मला फार आवडतं. नाग धरला की त्याच्या बांधाची मूठभर माती त्याच्याबरोबर मडक्यात टाकायची. सणाला गावात एवढी मडकी गोळा होतात की नुसती बजबजपुरी, पण अदलाबदल होत नाही. ज्याची माती त्याचा बांध. सण सरला की ज्या घरानं धरला त्याच घरानं, ज्या बिळापाशी धरला त्याच बिळापाशी नेऊन सोडायचा. आणि परतीच्या नागाला वाटेत कुणी अडवायचं नाही, मग तो पाटील असो की फौजदार. देवाचा मान एक दिवसाचा, पण घरी पोचवायचा शब्द कायमचा.

ज्ञानूनं पहिल्या वर्षी मला उचलताना म्हटलं होतं, "पंचमी झाली की हितंच आणून सोडतो गड्या. डसू नगंस." मी डसलो नाही. त्यानं आणून सोडलं. पुढं वर्षानुवर्षं हाच व्यवहार चालला. माझ्या फण्यावर डाव्या अंगाला मुंगसानं केलेला व्रण आहे, त्यावरून तो मला लांबून ओळखायचा.

मग ज्ञानू पलटणीत गेला. आमच्या भागात हे नवलाचं नाही, घराआड एक फौजी आहे. तो गेल्यावर मला धरायचं काम त्याच्या चुलतभावाकडं आलं. त्याचं नाव सयाजी. हाताला जरा धसमुसळा, पण मनाचा सरळ. बैलगाडी हाकायचा आणि बनुबाईची शेतीही बघायचा.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मोठं युद्ध झालं. ते थोड्या दिवसांत संपलं असं म्हणतात. मित्रांनो, युद्धं संपतात ती रेडिओवर. आमच्या वस्तीत ते संपलं नव्हतं. शेजारच्या मनुबाईचा अर्जुना तिकडंच पडला. त्याचा फोटो घरी आला. सांगलीच्या कचेरीची माणसं आली, फोटोला झेंडूचा हार घातला, गुलाल उधळला आणि निघून गेली. मनुबाई त्या हाराकडं बघत भिंतीला टेकून बसली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. बनुबाई तिला धीर द्यायला गेली होती. परत आली आणि परसातली झेंडूची रोपं मुळासकट उपटून तिनं बांधावर आणून फेकली. माझ्या बिळाच्या तोंडाशीच पडली होती ती. त्या उग्र वासानं मला पळता भुई थोडी झाली. सयाजी म्हणाला, "काकू, फुलांनी काय घोडं मारलंय?"

"हार घातलेला ल्योक नगं मला," ती म्हणाली. "बिनहाराचा येऊ दे. कसाबी येऊ दे."

आणि कसाबी म्हणावं तसाच तो यायचा होता. काही दिवसांनी खबर आली, ज्ञानूचा पाय सुरुंगावर पडला, गुडघ्याखालचा गेला, पण जिवाला धोका नाही, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे. बनुबाई रडली नाही. म्हणाली, "पाय ठिवला तर ठिवला तिकडं. बाकीचा आणा." पण त्यानंतर तिनं अंथरूण धरलं. डोळ्यांत मोतीबिंदू आधीच उतरला होता, आता अन्नही तुटलं. माणूस नुसतं आकारानं दिसायचं तिला. हातानं चाचपून ओळखायची.

बहात्तरच्या श्रावणाआधी सयाजीनं मला धरलं. पावसानं त्या वर्षी डोळे वटारले होते, बांध भेगाळला होता. मडकं त्यानं शिंक्यात घालून माजघरात टांगलं, नेमकं बनुबाईच्या अंथरुणाच्या वर. त्यामुळं पुढचं सगळं मला तिथंच कळलं. रात्रंदिवस तिचा श्वास माझ्या अंगाला लागायचा. ती माझ्याशी बोलायची. "तू हाईस तवर माझा ल्योकबी यील बग," म्हणायची. उशाशी रोज एक भाकरीचा तुकडा ठेवून घ्यायची. लांबून, जिवावरच्या संकटातून माणूस आला की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात ना, त्यासाठी. आज ताजा तुकडा ठेवायचा आणि कालचा कोंबड्यांना टाकायचा. कोंबड्या माजल्या, पण ज्ञानू काही येईना.

एक दिवस कळलं की त्याला दवाखान्यातून सोडला आणि आगगाडीनं येतोय. सयाजी रात्रीच गाडी जुंपून कराडच्या स्टेशनावर गेला. आम्हाला कराडच जवळ. बनुबाई दुसरा दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. अंधार पडायच्या आत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पण गाडीतून एकच माणूस उतरला.

"कुटं हाय त्यो?" तिनं विचारलं.

सयाजी उंबऱ्यावर बसला. "काकू, खिडकीत दिसला. बोललो त्याच्यासंगं. बरा हाय. पर उतरू दिलं न्हाई."

"उतरू दिलं न्हाई म्हंजी? कुनी?"

"जवानांबरूबर एक माणूस दिलाय कचेरीनं, कागदं त्याच्यापाशी. त्यो म्हनाला, ह्यो जवान सांगली जिल्ह्याचा. सांगलीतच उतरायचा. कराड सातारा जिल्ह्यात येतंय, हितं उतरला तर त्यांच्या हिशोबात जाईल."

बघा मित्रांनो. माणूस घराच्या जवळच्या स्टेशनावरून पुढं नेला, का तर तो कुणाच्या हद्दीत पोचला म्हणायचं यावरून दोन कचेऱ्यांची तोंडं दोन दिशांना. आमच्यात असं मडकं चुकवलं असतं तर गावानं त्या माणसाला जिणं नकोसं केलं असतं.

"मग सांगलीस्नं कवा सोडत्यात?" बनुबाईनं विचारलं.

ते काढायला सयाजी दुसऱ्या दिवशी यष्टीनं सांगलीला गेला. आला तो नुसता धुमसत. जिल्ह्यातले परत आलेले जवान एका शाळेत ठेवले होते. आणि घरी का सोडत नाहीत, तर स्वागत समिती झाली होती. समितीचे अध्यक्ष लालासाहेब, आमच्याच भागातले पुढारी. त्यांनी ठरवलं होतं की नागपंचमीला शिराळ्यात लाखभर माणूस आयतंच जमतं, तिथंच सगळ्या जवानांचा एकदम सत्कार करायचा, मंत्र्यांच्या हस्ते. तोवर कुणी घरी जायचं नाही. घरी जाऊन आलेल्या जवानाचं स्वागत कसं करणार, असा त्यांचा सवाल होता.

"म्या तितल्या कचेरीच्या सायबाला सांगितलं," सयाजी म्हणाला, "म्हातारी आजारी हाय, अन्न घेत न्हाई. सायेब म्हनाला, पंचमीला तुमच्याच गावाशी आणतोय की त्याला, सरकारी खर्चानं. घाई कसली."

"आन् ज्ञानू काय म्हनाला?"

सयाजीनं मुंडासं सोडलं. "त्येंची तालीम चाललीया काकू. पायऱ्या चढायची. कुबड्यावाल्यास्नी पुढच्या रांगंत बसवायचं ठरलंय. फोटूत दिसाय पायजेत म्हनं."

मी मडक्यात वेटोळं घट्ट आवळून घेतलं. मला उंदीर गिळताना कधी किळस वाटली नाही, पण हे ऐकून वाटली. माणसाचा पाय जातो आणि दुसऱ्या माणसाला त्यात पुढची रांग दिसते. असली जात आमच्या रानात नाही.

पंचमीचा दिवस उजाडला तेव्हा बनुबाईचा श्वास तुटक झाला होता. आदल्या रात्री तिनं पाणीही घेतलं नव्हतं. मनुबाई उशाशी बसून होती. सयाजी म्हणाला, "मी जातो आन् त्याला घिऊनच येतो."

"तुला कोन जाऊ दील तिकडं?" मनुबाई म्हणाली. "माझ्या अर्जुनाच्या टायमाला मला त्याच्या फोटूपाशीबी जाऊ देईनात, आदी सायेब मग आई."

तेव्हा बनुबाईनं डोळे उघडले. बोलायला तिला फार वेळ लागला. "नाग घिऊन जा," ती म्हणाली. "नागवाल्याला कोन अडवत न्हाई. परतीच्या नागाला तर न्हाईच न्हाई."

म्हातारीच्या मनात काय होतं ते सयाजीला लगेच उमगलं नाही. मला उमगलं. त्यानं मडकं शिंक्यातून काढलं, गाडीत ठेवलं आणि आम्ही निघालो.

मैदानात ही गर्दी. गाड्यांवर मडकी, हलगी, पिपाण्या, गुलाल. एरवी या दिवशी मी फणा काढून मिरवून घेतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. एका टोकाला मोठा मंडप घातला होता आणि त्याच्यात उंच व्यासपीठ. ज्ञानू आणि बाकीचे जवान सकाळपासून तिथं बसवलेले. फेटे बांधलेले, गळ्यात हारांवर हार. मंत्र्यांची गाडी वाटेत कुठंतरी दुसरे हार घेत थांबली होती. तोवर लालासाहेब बोलत होते. जवानांच्या त्यागावर बोलत होते, आणि त्या त्यागी माणसांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मंडपाशी पोलिसांनी साखळी धरली होती. सयाजीनं मडकं डोक्यावर घेतलं आणि नुसतं "नाग, नाग" म्हणत आत शिरला. म्हातारी बरोबर बोलली होती. वाट झाली. व्यासपीठाच्या पायऱ्यांशी मात्र कचेरीचा साहेब आडवा आला.

"आत्ता नाही. नागाबरोबर फोटो मंत्रीसाहेब आल्यावर."

"सायेब, फोटूचं न्हाई," सयाजी हात जोडायला गेला, पण हातात मडकं. "ज्ञानूची आई चाललीया. घटका भरत आलीया. त्याला सोडा."

साहेब सयाजीच्या जवळ सरकला. मला वाटलं, माणूस आहे, विरघळला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे त्याला सांगू नका आत्ता. पहिल्या रांगेतला आहे तो. खुर्ची रिकामी दिसेल. सत्कार झाला की आमची जीप देतो."

"आन् तवर म्हातारी थांबतीया व्हय?"

"कार्यक्रमाचा विचका करू नका," साहेब म्हणाला आणि लालासाहेबांकडं बघून हसला, काही झालं नाही असं दाखवायला.

मित्रांनो, माझ्या तोंडात विष आहे. जन्मतःच आहे आणि मी ते जपून वापरतो. त्या क्षणी मला माझं विष फार पातळ वाटलं.

सयाजी मग पायरी चढलाच. साहेबानं बाही धरली ती फाटली. तो पहिल्या रांगेपाशी गेला आणि मडकं ज्ञानूच्या मांडीवर ठेवून त्याच्या कानाशी वाकला. दोनच वाक्यं बोलला. ज्ञानूची मांडी माझ्याखाली दगडासारखी झाली. लालासाहेबांचं भाषण चालूच होतं. साहेब मागून आला आणि म्हणाला, "जवान, बसून राहा. हुकूम आहे."

ज्ञानूनं मडक्याचं फडकं सोडलं. हात आत घातला. तो हात मी ओळखला आणि त्याच्या मनगटावरून वर आलो. त्यानं माझा व्रण बघितला आणि म्हणाला, "तूच हाईस व्हय गड्या." मी पुरा फणा काढला. एवढा मोठा फणा मी मुंगसासमोरही काढला नव्हता.

मग व्यासपीठावर जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. दरवर्षी आमची पूजा करणारे, नागदेवतेच्या कृपेनं म्हणून भाषण सुरू करणारे लालासाहेब माईक सोडून मागच्या बाजूनं उतरले. उतरले कसले, पडले. साहेब खुर्चीवर चढला. खुर्ची घडीची होती, ती मिटली. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. बाकीचे जवान तेवढे जागच्या जागी बसून होते, आणि त्यांतला एक तर सकाळपासून पहिल्यांदा हसला.

"नाग घरला निघालाय," ज्ञानू म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माईक चालू होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "परतीचा नाग हाय. कोन अडवतंय बघू."

कुणी अडवलं नाही. लाखभर माणसं दोन अंगांना सरली. बायका हात जोडत होत्या. पोलिसांनीही साखळी सोडली, तेही याच मातीतले होते. ज्ञानू एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातावर मी, असा चालत गाडीपर्यंत आला. गाडीत बसल्यावर मला मडक्यात घातलं, मडकं पोटाशी धरलं, कुबडी गुडघ्यात आवळली. सयाजीनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

वाट खाचखळग्यांची. ज्ञानूचा एक हात मडक्यावर आणि एक गाडीच्या कडेला. मडक्यावर काहीतरी घासत होतं, एकसारखं. उग्र वास येत होता. तो वास मला ठाऊक होता, बिळाच्या तोंडाशी आला होता एकदा. हारांचे झेंडू होते ते. ज्ञानूला हात मोकळा नव्हता, सयाजीला मागं बघायला सवड नव्हती, आणि मला वाचा नव्हती. मी मडक्यात फुत्कारत राहिलो. ज्ञानू म्हणाला, "आलं बग, आलं घर." त्याला वाटलं, मलाच घाई झाली आहे.

दारात मनुबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. म्हणजे बनुबाई अजून होती. मनुबाईनं घाईघाईनं ओवाळलं, तुकडा लांब फेकला, डोळ्याला पाणी लावलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, तिला समोरचं कुठं नीट दिसत होतं? ज्ञानू कुबडी टाकून भिंत धरत आत गेला आणि अंथरुणावर आईच्या शेजारी कोसळल्यासारखा बसला. मडकं तिथंच जमिनीवर टेकलं. त्यामुळं पुढचं सगळं माझ्या अंगाला लागलं.

"आये," तो म्हणाला.

बनुबाईचा हात उठला. चाचपडत त्याच्या छातीवर आला. तिथं तिला फुलं लागली. तिनं ती बोटांनी ओळखली, पाकळी पाकळी. हात वर गेला, तिथंही फुलं. गळ्याशी, खांद्याशी, फुलंच फुलं, आणि त्यावर गुलाल. हात थबकला.

"आणला व्हय," ती म्हणाली. "हार घालूनच आणला शेवटी."

आणि तिनं हात मागं घेतला.

"आये, मी हाय. जित्ता हाय मी, आये." ज्ञानूनं हार तोडले, ओरबाडून काढले, तिचा हात ओढून आपल्या गालावर दाबला. गाल ओला होता, गरम होता. मनुबाई तिच्या कानाशी सांगत होती, "बने, जित्ता हाय गं, बग तरी." पण तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. श्वास एकदा आला, एकदा गेला. मग माझ्या अंगाला नुसती जमीन लागत राहिली.

तिला शेवटी कळलं की नाही, मला माहीत नाही. ज्ञानू म्हणतो, तिचं एक बोट हललं.

दुसऱ्या दिवशी, आईला पोचवून आल्यावर, सयाजी मला सोडायला निघाला. ज्ञानू म्हणाला, "थांब, मी नेतो." घराला सुतक होतं, पण परतीचा शब्द सुतकालाही चुकत नाही. बांधावरून कुबडीनं चालणं सोपं नाही. तो दोनदा बसला, पण मडकं टेकवलं नाही. करंजाखाली आला, माझ्याबरोबरची मूठभर माती आधी खाली ओतली, मग मला सोडलं.

"जिथनं नेला तिथं आणून सोडला बग तुला," तो म्हणाला. "आमाला एवढंच येतंय."

मी लगेच बिळात गेलो नाही. तो उठेपर्यंत तिथंच वेटोळं घालून बसलो. आम्हा दोघांनाही कुठं जायची घाई उरली नव्हती.

काही दिवसांनी वस्तीवर जीप आली. हीच ती साहेबानं देऊ केलेली, वरातीमागून घोडं. ज्ञानू बांधावर बसला होता, म्हणून कचेरीचा माणूस तिथंच आला, चपला ढेकळांतून जपत. व्यासपीठावर राहिलेलं मानपत्र आणि नारळ त्यानं आणला होता. त्याला एक सही हवी होती. जवान सुखरूप घरी पोचता केला, एवढीच. ती मिळाल्याशिवाय वरचं काम मिटत नाही, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

"कुनी पोचवला?" ज्ञानूनं विचारलं.

"म्हणजे, कचेरीनं. समितीनं."

"मला नागानं पोचवला," ज्ञानू म्हणाला. "सही त्याची घ्या. त्यो बगा, त्या बिळात हाय. हात घाला."

मी मुद्दाम थोडा बाहेर आलो. माणूस जीपपर्यंत कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. एक चप्पल अजून बांधाखाली पडलेली आहे. नारळ मात्र सयाजीनं ठेवून घेतला, नारळाचा काय दोष.

मित्रांनो, मी आता थकलो. माझ्यासारख्याची दया करा, नागांना मारू नका, असं सांगून गोष्ट संपवायची रीत आहे. तेही सांगतो, मारू नकाच. पण माझं मागणं दुसरं आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल, साहेब व्हाल, तुमच्यातला एखादा लालासाहेबही होईल. तेव्हा लांबून, मरणाच्या दारातून कुणी परत आला तर त्याला आधी त्याच्या घरी सोडा. तो भाकरी खाऊ दे, आईच्या हाताला लागू दे. फुलं कुठं पळून जात नाहीत.

ज्ञानू आता दर पंचमीला स्वतः मला धरायला येतो, कुबडी करंजाला टेकवून. गावात बायका मडक्याला हार घालायला पुढं येतात. हळद लावा, कुंकू लावा, तो काही म्हणत नाही. झेंडू दिसला की मडक्यावर आडवा हात धरतो.

"हार नगं ताई," म्हणतो. "त्याला घरला जायाचं हाय."